भैरूचं नाव ढोलावर

दौंडच्या लोको शेडमध्ये बन्सी फिटरला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हातात पाना असो नाहीतर चहाचा कप, तोंडाचा पट्टा चालूच. एकोणऐंशी साली रेल्वेनं नायजेरियाला माणसं पाठवली, त्यात त्याचा नंबर लागला, तेव्हा शेडवाले म्हणाले, "आता आफ्रिकेची धडगत नाही." त्याच बन्सीची बोलती तिथल्या एका म्हाताऱ्या ढोलवाल्यानं बंद केली.

बन्सीच्या डेपोपासून एडे हे गाव जवळच. तिथल्या योरुबा लोकांच्या जुन्या राजघराण्याचं गाव. तिथला स्टेशनमास्तर एका रविवारी त्याला राजवाडा दाखवायला घेऊन गेला. राजे फक्त पुस्तकात उरलेत असं समजणाऱ्या बन्सीनं तिथं जिवंत राजा पाहिला, त्याच्यापुढे साष्टांग दंडवत घालणारे चांगले शिकलेसवरलेले लोक पाहिले. आणि दाराशी पाहिला तो म्हातारा ढोलवाला, आयांटुंडे. त्याच्या काखेत डमरूसारखा, मधे बारीक झालेला ढोल होता. दोऱ्या आवळल्या की सूर चढायचा, सोडल्या की उतरायचा, आणि त्या चढउतारात हा माणूस चक्क बोलायचा. पहाटे राजाला उठवायचं काम त्याचं. आलेल्या पाहुण्याची वर्दी ढोलावर द्यायची, तीही बापाचं नाव आणि काम घेऊन. दरबारात त्याला बसायला स्वतःची जागा होती.

"तुझे वडील कोण?" स्टेशनमास्तरानं विचारलं.

"भैरू. शेतकरी," बन्सी बोलून गेला. लगेच ते ढोलावर वाजलंही. लोकांनी माना डोलावल्या.

भैरू शेतकरी नव्हता. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या आपल्या गावात तो हलगी वाजवायचा. वरात असो, मिरवणूक असो की मयत, गावानं हाक मारली की जायचं, देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायचं आणि शिळे तुकडे फडक्यात बांधून आणायचे. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यानं हलगी विहिरीत टाकली. गावानं वर्षभर त्याला मजुरीलाही बोलावलं नाही. बापाच्या त्या हिमतीचा बन्सीला अभिमान होता. हलगीची मात्र त्याला लाज वाटायची, आणि ती लाज तो विमानातून इथवर घेऊन आला होता.

आठवडाभर ते खोटं त्याला टोचत राहिलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा एडेला गेला आणि स्टेशनमास्तराच्या तोंडून आयांटुंडेला सगळं खरं सांगितलं. म्हातारा रागावला नाही. "आता खरं काम सांगून नाव वाजवा," असं बन्सीनं म्हटल्यावर मात्र त्यानं नकारार्थी मान हलवली.

"ज्या माणसानं वाद्य पाण्यात टाकलं, त्याचं नाव मी वाद्यावर घेऊ? आधी त्यांना विचार."

बन्सीनं घरी पत्र टाकलं. उत्तर यायला महिना लागला. आबांनी, म्हणजे भैरूनं, सांगितलं ते बन्सीच्या बायकोनं, ललितानं, जसंच्या तसं उतरवलं होतं.

"बन्सी, तिथला वाजवनारा राजाजवळ बसतो ह्ये आयकून बरं वाटलं. हलगीवर माझा राग कवाच नव्हता. हात चांगला व्हता माझा. पर हाक आली की जावंच लागायचं. तुझी भन गेली, त्या दिवशी बी मी वरातीत वाजवत व्हतो. त्याला इचार, राजानं बोलावलं आन् त्याचं मन नसलं, तर त्याला न्हाई म्हनता येतं का? येत आसंल तर माझं नाव खुशाल वाजवू दे."

बन्सीनं तिसऱ्यांदा एडे गाठलं आणि स्टेशनमास्तराकरवी पत्र ऐकवलं. ऐकून आयांटुंडेनं ढोलाच्या दोऱ्या चाचपल्या.

"मला नाही म्हणता येत नाही," तो म्हणाला. "कधी म्हणावंसंही वाटलं नाही. आमच्या घराण्यात फक्त माझा मुलगा नाही म्हणाला. तो इबादान शहरात शाळेत शिकवतो. चार वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललेलो नाही."

भैरूचं नाव त्या दिवशी वाजलं नाही. आयांटुंडेनं ढोल खांद्यावरून उतरवून भिंतीशी ठेवला आणि स्टेशनमास्तराला विचारलं, इबादानची गाडी किती वाजता आहे.