झाकून ठेवलेला पदर

वसंतरावांनी काढलेल्या फोटोंविषयी त्यांच्या या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मी त्यांच्या कसबा पेठेतल्या स्टुडिओत सहा वर्षे संगणकावर काम करते. शाळा सातवीपर्यंत झाली, बाकीचे वाचून आले. तेव्हा मला ठाऊक आहे तेवढेच लिहिते.

त्यांची ओळख झाली ती एका बिघडलेल्या फोटोमुळे. माझे यजमान गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा एकही फोटो घरात नव्हता. पुतण्याच्या लग्नात आम्ही दोघे पांढऱ्या भिंतीपाशी उभे होतो, तेवढा एकच. तो आमच्या हडपसरमधल्या एका दुकानात दिला. दुकानदाराने संगणकावर एका टिचकीत भिंत निवडली आणि काढली. भिंत पांढरी, यजमानांची टोपीही पांढरी. भिंतीबरोबर टोपीही गेली. मग त्याने डोक्यावर काळे केस बसवले आणि अंगात कोट घातला. फ्रेम घरी आली तेव्हा सासूबाईंनी विचारले, "हे कोण पाहुणे?"

वर्षश्राद्ध जवळ आले होते. कोणीतरी वसंतरावांचे नाव सांगितले, म्हणून स्वारगेटला उतरून विचारत विचारत त्यांच्याकडे पोचले. त्यांनी फ्रेम निरखून पाहिली. "कोट झकास आहे," ते म्हणाले. "माणूस कुठे ठेवलाय?" किती तरी महिन्यांनी मला हसू आले.

मूळ फोटो त्यांनी पडद्यावर मोठा केला. पांढऱ्यावर पांढरे, टोपी कुठे संपते ते कळेना. वसंतराव खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, "ताई, इथे मशीनला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. टोपी तुमच्या घरातली आहे. कड तुम्हीच काढा."

मी तोवर माउस हातात धरला नव्हता. ते शेजारी उभे राहिले. पडद्यावरच्या 'पेन'ने एक टिंब द्यायचे, थोडे पुढे दुसरे, मग मधली रेघ ओढून वाकवायची, असे त्यांनी दाखवले. ती टोपी मी वर्षानुवर्षे धुतली होती, घडी घातली होती. उजव्या कानामागे ती जरा चेपून बसायची, हे मला डोळे मिटून सांगता आले असते. संध्याकाळपर्यंत टोपी परत डोक्यावर आली.

खांद्याशी मात्र माझा हिरवा पदर होता. हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचे काही ठेवत नाहीत. मी म्हटले, पुसून टाका.

"पुसू नका, झाका," वसंतराव म्हणाले. "पुसलेलं गेलं. झाकलेलं सांगाल तेव्हा उघडता येतं."

त्यांच्या स्टुडिओची ही रीतच आहे. फोटोतले काहीही खोडायचे नाही. नको असेल त्यावर पडदा ओढायचा, खालचे शाबूत ठेवायचे. रुसलेले जावई, तुटलेल्या सोयरिकी, सगळे तिथे झाकून ठेवलेले आहे, आणि काही पुढे उघडलेही आहे. तसाच माझा पदर झाकला. सासूबाईंनी हार घातला आणि बराच वेळ फोटोपुढे बसून राहिल्या. मला मात्र तो खांदा रिकामा दिसतो. रोज दिसतो.

पुढे त्यांनीच मला कामावर बोलावले. केसांची कड किंचित मऊ ठेवायची, टोपीची करकरीत, हे त्यांनी न कंटाळता शिकवले. माझ्या चुका त्यांनी गिऱ्हाइकासमोर कधी दाखवल्या नाहीत. आता लोक फोनवर बोट फिरवून हेच काम करतात, दुकानात फारसे कोणी येत नाही. वसंतरावांच्या डोळ्यांना बारीक कडा दिसत नाहीत. "बरोबर आली का हो?" असे ते मला विचारतात, तेव्हा उत्तर देणे जड जाते.

परवा मी त्यांना सांगून ठेवले, की मी गेल्यावर आमच्या फोटोतला पदर उघडा. तेव्हा कोणाची हरकत नसेल.

मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे. ते म्हणाले, "म्हणजे शंभरी गाठूनही माझी सुट्टी नाही."

नाही, वसंतराव. आपली प्रकृती ठणठणीत राहो, नजर टिको, आणि ते काम आपल्याच हातून होवो.