मेंटेनन्सवाल्यांची खोली

मी मुळात कमी बोलतो. त्यामुळे आठवडाभर जे घडतं ते पोटात साठत जातं आणि रविवारी तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पोरांच्या लॉजच्या गच्चीत मराठी पोरं जमली, की बाहेर पडतं. बाकीचे आयटीत नाहीतर गाड्यांच्या कारखान्यात. मी आठवीतच शाळा सोडलेली. पण आमच्यात रोज विद्यापीठात जाणारा मी एकटाच! एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या मेंटेनन्स सेक्शनमध्ये मी वायरमन आहे.

आमचे सुपरवायझर मुरारराव. तंजावरकडचे मराठी. बोलताना मराठी आणि तमिळ एकाच ताटात कालवतात; मला तम्बी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. सगळ्या विद्यापीठाच्या खोल्या आम्ही सांभाळतो, पण आम्हाला स्वतःची खोली नाही. मुरारराव या वर्षी रिटायर होणार होते आणि त्यांची एकच इच्छा होती.

"तम्बी, एक पंखा, एक दिवा आणि आपल्याला लावता येईल असं दार. अशा आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत बसून मला रिटायर व्हायचं आहे. आणखी काय नको, पा."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या विद्यापीठात एक खोली मिळू नये? मिळायची की! तीच तर गंमत आहे.

*

आधी जनरेटरशेजारची शेड मिळाली. मुरारराव मोडकी वस्तू पाहू शकत नाहीत. पत्रे बदलले, भिंतीला चुना दिला, नळ बसवला. एक मॅडम पाणी प्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, किती छान जागा!" पुढच्या महिन्यात तिथे झेरॉक्स सेंटर झालं.

मग जिन्याखालची जागा. तिथे आम्ही फरशी बसवली. ती योगवर्गाला गेली.

मग जुनं बाथरूम. ते इतकं चांगलं केलं, की ते परत बाथरूम झालं!

*

विद्यापीठ वाढतंच आहे. सगळ्यात जुनी इमारत 'न्यू बिल्डिंग'. तिच्यानंतरची 'न्यू ब्लॉक'. त्याच्याही नंतरची 'न्यू अ‍ॅनेक्स'. पाट्या बदलायचं कोणाला सुचतच नाही.

एकदा एक बाई मुलाला अ‍ॅडमिशनसाठी घेऊन आल्या. उन्हात फिरून फिरून बिचाऱ्या लाल झाल्या होत्या. "न्यू बिल्डिंग कुठली हो?"

मुरारराव शांतपणे म्हणाले, "जिला भेगा आहेत ती, अम्मा."

*

स्विमिंग पूल झाला, पण पाणी काही मिळेना. आपल्या शहराचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. टँकरचं पाणी हॉस्टेलला पुरत नाही, पोहायला कोण देणार? तेवढ्यात परीक्षेला हॉल कमी पडले. कोणीतरी साहेब म्हणाले, पूल रिकामाच आहे की!

आम्ही पुलात बाकं लावली. नियमित मुलं उथळ बाजूला. एरियर्सवाली, म्हणजे जुने विषय राहिलेली मुलं खोल बाजूला. काठावर लाइफगार्ड. त्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून सुपरव्हिजन. कोणी मान वळवली, की शिट्टी!

ऑक्टोबरात पाऊस आला तो भर पेपरात. मुलं शिडीवरून वर पळाली, उत्तरपत्रिका खालीच तरंगायला लागल्या. लाइफगार्डने नोकरीत पहिल्यांदाच उडी मारली. गुडघाभर पाण्यात!

नंतर साहेबांनी त्याला विचारलं, "सगळ्या वाचल्या का?"

"उथळ बाजूच्या वाचल्या, सार," तो म्हणाला. "खोल बाजूच्या आधीच बुडालेल्या होत्या."

*

न्यू अ‍ॅनेक्सला लिफ्ट मंजूर झाली आणि लिफ्टमनही. लिफ्टमन आधी आला. सेल्वम त्याचं नाव. लिफ्टच नाही, तर बसायचं कुठे? त्याने जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकलं. कोणी आलं, की अदबीने विचारायचा, "एन्द माडी?" म्हणजे कुठला मजला.

"तिसरा."

"पोंगा," असं म्हणून तो हाताने जिना दाखवायचा. म्हणजे, जावा!

शेवटी लिफ्ट आली. पेटीत पंखा, दिवा, आरसा, सगळं होतं. पण ती जागची हलेना. कंपनीचा माणूस उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता. सेल्वमला विचारलं, आत का बसत नाहीस? तो म्हणाला, "बंद जागेत मला भीती वाटते, अण्णा."

*

मुराररावांना रिटायर व्हायला थोडेच दिवस उरले, तेव्हा आम्हाला न्यू बिल्डिंगमध्ये एक कोपऱ्यातली खोली मिळाली. या वेळी मुरारराव शहाणे झाले होते. "काही ठीक करायचं नाही! उलट बिघडवा!"

मी छतावर चहाच्या पाण्याने आणि काळ्या रंगाने ओल रंगवली. मला चित्रकला फार आवडायची शाळेत. मी कडेला बुरशीसुद्धा काढली. मुरारराव खाली उभे राहून पाहत होते आणि डोळे मिटून घेत होते. त्यांना सहन होत नव्हतं.

जागावाटपाची कमिटी आली. सिव्हिलचे एक प्रोफेसर छताकडे पाहतच राहिले. "इतकी सुंदर ओल! आमच्या लॅबला अशीच हवी होती. खोली आम्हाला द्या."

मुरारराव घाबरले. "सार, सार, ओल नाही ती. रंग आहे. पुसून दाखवतो."

त्यांनी स्टुलावर चढून फडक्याने पुसलं. छत लख्ख निघालं.

परीक्षा विभागाचे साहेब पुढे आले. "म्हणजे खोली चांगली आहे तर! मग आम्हाला द्या."

*

त्या संध्याकाळी मुरारराव न्यू अ‍ॅनेक्सच्या पायरीवर बसून होते. समोर लिफ्ट उघडी होती. मी सहज म्हणालो, "काका, हिच्यात पंखा आहे. दिवा आहे."

ते हळूच वळले. "दारही आहे, तम्बी."

आम्ही टेबल आत नेलं, खुर्ची नेली, कॅलेंडर लावलं. इतकी बंद पडलेली जागा मागायला कोण येणार? मुरारराव खुशीत होते.

रिटायर व्हायच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, हार, रजिस्ट्रार, सगळे जमले होते. मुरारराव खुर्चीत बसून बटणांकडे पाहत होते. "दिवा मिणमिणतो आहे, पा. एक वायर सैल आहे, इतकंच."

"काका, नको. ठीक झालं की आपली जागा जाते!"

"मी दिवा ठीक करतो आहे. लिफ्ट नव्हे."

मी चहा आणायला गेलो. परत येऊन पाहतो, तर दार बंद आणि फटीतून आत नुसता अंधार. खोली गेली होती!

मी जिन्याकडे धावलो. सेल्वमने हात आडवा केला. "एन्द माडी?"

"खोली गेली तिथे!"

"पोंगा."

धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तेव्हा उशीर का झाला म्हणून मुराररावांना शोधायला निघालेले रजिस्ट्रार लिफ्टसमोर उभे होते. सवयीने त्यांनी बटण दाबलं होतं. दार उघडलं. आत पंखा फिरत होता, दिवा स्वच्छ लागला होता आणि कॅलेंडरखाली खुर्चीत मुरारराव बसले होते. मागे हार घेऊन उभी असलेली माणसं बघतच राहिली.

"मुरारराव! हे काय आहे?"

मुरारराव उठले नाहीत.

"मेंटेनन्स सेक्शन, सार. आपण बोलावलंत, म्हणून खोलीसकट आलो!"