वाडीची कुत्री आणि सरकारी बूट

"तीन वेळा रेड, आणि तिन्ही वेळा भात," साहेब म्हणाले. "जोगळेकर, आपलं खातं दारू पकडतं की भात?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरीला अबकारीत सब-इन्स्पेक्टर होतो. अबकारी म्हणजे दारूवर कर वसूल करणारं खातं. सरकारला दारूबद्दल काही तक्रार नव्हती, सरकारला न विचारता गाळण्याबद्दल होती. उन्हाळ्यात काजूची बोंडं पिकली की खाडीपलीकडच्या एका वाडीत बिनपरवाना भट्टी लागायची. सगळ्या तालुक्याला वास यायचा. आम्ही पोचलो की मात्र चुलीवर भाताचं तपेलं. तांदूळ कच्चा, खालचा विस्तव सकाळपासूनचा. भातावर कर नव्हता, म्हणून आम्ही परत यायचो.

"आधी खबर जाते," साहेब म्हणाले. "तुमचा तो शिपाई, शिवराम. त्याची सासुरवाडी कुठली?"

"तीच वाडी, साहेब."

"मग आणखी काय सांगायचं राहिलं?"

शिवरामने ही गोष्ट लपवली नव्हती, पहिल्याच दिवशी मला सांगितली होती. बारा वर्षं नोकरी झालेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा, बोलायला कमी माणूस. मी साहेबांना म्हटलं, "खबर शिवराम देत नाही. कुत्री देतात."

साहेबांनी चष्मा काढला. पण खरं तेच होतं. वाडीत पंधरा-वीस कुत्री. आम्ही वेशीवर पोचायच्या आत पहिलं भुंके, मग दुसरं, आणि भट्टीपर्यंत आमची वर्दी आमच्या आधी पोचे.

"ठीक," साहेब म्हणाले. "आठ दिवस देतो. कुत्री गप्प ठेवून रेड करा. मी स्वतः येईन. तेव्हाही भातच शिजत असेल, तर शिवरामचा पट्टा उतरवून घ्या. फितुरीचा रिपोर्ट मी लिहीन."

पट्टा म्हणजे शिपायाची नोकरी. आणि फितूर म्हणून काढलेल्याला दुसऱ्या कचेरीत कोणी पाणीसुद्धा भरायला ठेवत नसे. मी शिवरामला सगळं सांगितलं.

मी प्रथम माझी अक्कल चालवली. कुत्र्याला काय, खायला घातलं की झालं. एका मासे विकणाऱ्या बाईकडून पाटीभर सुकट घेतली आणि शिवरामला न नेता एकटाच वेशीवर उधळून आलो. कुत्र्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. मी खूश. मग त्यातली सहा माझ्यामागून होडीपर्यंत आली, आणि होडी सुटल्यावर काठावर उभी राहून अशी ओरडली की खाडीच्या दोन्ही तीरांवरची माणसं बाहेर आली. सरकारी गुप्त कामाला एवढी जाहिरात पूर्वी मिळाली नसेल.

शेवटी शिवरामला विचारलं. खरं तर आधी त्यालाच विचारायला हवं होतं.

"साहेब, कुत्रा मानसाला भुंकत न्हाय," तो म्हणाला. "बुटाला भुंकतो. वाडीत पायात घालतो कोन? तुमच्या टाचेचा नाल जांभ्या दगडावर खण्ण वाजला की त्याला कळतं, हे आपल्यातलं न्हाय. दुसरं, खाकी. तिसरं, वास."

वासाचं त्याने समजावलं ते असं. वारा आपल्याकडून कुत्र्याकडे जात असेल तर आपण दिसायच्या आधी त्याला कळतो. वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा. दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो, म्हणून दुपारी जायचं आणि पूर्वेकडून उतरायचं. दुपारच्या उन्हात कुत्रीही सावलीला पडलेली असतात. हिशेब चोख होता. बूट नकोत, खाकी नको, वेळ भर दुपारची, वाट पूर्वेची. "भट्टी कोणाची?" एवढं मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

पूर्वेला सडा होता, म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ. गवत नाही, झाड नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण शिवरामचे तळवे जन्माचे अनवाणी, आणि माझे कचेरीतले. वैशाखात दुपारी बारा वाजता सड्यावर बूट काढून ठेवल्यावरच मला पूर्ण योजना समजली.

आम्ही पाच जण होतो. साहेब, मी, शिवराम आणि शहरातून धरून आणलेले दोन पंच. पंच म्हणजे झडती होताना हजर राहून कागदावर सही करणारे साक्षीदार. सगळे अनवाणी, गुडघ्यापर्यंत पंचे, उघडे अंग, डोक्यावर ओला टॉवेल. साहेबांनी आधी बूट काढायला नकार दिला होता. मी म्हटलं, "साहेब, मग भातच मिळेल." त्यांनी काढले.

पहिली वीस पावलं आम्ही सरकारी नोकरासारखी टाकली. पुढे जे झालं त्याला चालणं म्हणता येणार नाही. एक पंच देवाचं नाव घेऊ लागला, दुसरा सरकारचं. साहेब टाचेवर पळत होते आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते. अर्ध्या वाटेवर माझ्या तोंडून "आई गं!" निघालंच, आणि मग कोणी कोणाला आवरलं नाही. कुत्री एक शब्द बोलली नाहीत. ओरडत होतो ते आम्हीच.

मला वाटलं, संपलं. शिवरामचा पट्टा गेला.

सड्याच्या कडेला खाली काजूची झाडं, तिथे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी भट्टी धडाडून पेटलेली. तिच्यापाशी बसलेला म्हातारा आवाज ऐकून उठला. पळून जाईल, मडकी फोडेल, असं वाटलं. त्याने हातातली करवंटी टाकली आणि थेट आमच्याकडेच चढत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जावयबापू!" तो शिवरामला म्हणाला. "काय वो, भर दुपारचे असे कुठनं आलाव? कोन गेला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उघडीबोडकी, अनवाणी पाच माणसं, ओले टॉवेल, रडका आवाज, आणि पुढे वाडीचा जावई. आम्ही रेड घालायला नव्हे, मयताची बातमी घेऊन आल्यासारखे दिसत होतो. घराघरांतून माणसं धावत आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दोन-तीन कुत्री उठली, शिवरामभोवती शेपूट हलवत फिरली आणि पुन्हा आडवी झाली.

"कोन गेला? बोला की!"

हा म्हातारा शिवरामचा चुलतसासरा, दाजी. भट्टी त्याचीच.

"कुणी गेलं नाही," अखेर मीच म्हणालो.

"देव पावला!" दाजी म्हणाला. मग त्याचं लक्ष साहेबांच्या पायांकडे गेलं. तळव्यांना फोड आले होते. त्याने साहेबांना हाताला धरून भट्टीशेजारच्या सावलीत बसवलं, पायांवर पाणी ओतलं आणि घरून भिरंडेल आणवलं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, भेगांवर लावतात. म्हातारा साहेबांच्या एका तळव्याला ते चोळत होता. हातभर अंतरावर नळीतून दारू थेंब थेंब गळत होती.

"जोगळेकर," साहेब हळूच म्हणाले, "पंचनामा लिहायला घ्या."

मी लिहिला. मला लाज वाटत होती. दाजीने अंगठा उठवला आणि शिवरामकडे एकदाच पाहिलं. साहेबांच्या दुसऱ्या पायाला तेल लावायचं राहिलं होतं, ते त्याने लावून पुरं केलं.

दाजीला शिक्षा झाली. साहेबांनी सर्क्युलर काढलं की जिल्ह्यातल्या सर्व रेड्स यापुढे अनवाणी कराव्यात. पावसाळ्यात विंचू चावल्याचे दोन अर्ज आल्यावर ते मागे घेतलं. शिवरामच्या सर्व्हिस बुकात त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: 'अत्यंत विश्वासू.' मी तो त्याला मोठ्याने वाचून दाखवला.

"वाडीत मला आता फितूर म्हनतात, साहेब," तो म्हणाला.

बायको सणाला माहेरी जायची ती एकटीच. तो तिला वेशीपर्यंत पोचवायचा आणि तिथूनच वळायचा. आत ये म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. कुत्री मात्र धावत येऊन त्याचे पाय चाटायची.

कुत्र्यांना चुकवायचं असेल तर बूट काढावेत, हे मी नंतर पुष्कळ नव्या लोकांना शिकवलं. मग त्या वाडीत पुन्हा आत कसं जावं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.