मागच्या इंजिनची गाडी

आमच्या नाटक मंडळाचे डायवर मुखरूभाऊ. एरवी तोंडातून शब्द फुटत नाई, अन् इंजिनाचं विचारलं का सुटलेच! मी रीता, मंडळात नाचते. थंडीभर आमी वडशाहून गावोगाव नाटकं करत हिंडतो, गाडीतच खातो, गाडीतच झोपतो. जुन्या गाडीचं इंजिन पुढं, भाऊच्या बाजूलेच होतं. त्याच्या कोमट झाकणाले टेकून वच्छलाबाई झोपे. आमची गाणारी, पन्नाशीची. सकाळच्या धुक्यात धानाच्या बांध्या मागं सरकत, इंजिन गुणगुणे, अन् डोळा लागता लागता मले वाटे, आपण कोणाच्या तरी सपनातून चाललो. अकरा वर्षं असंच गेले.

औंदा मालक अतुलभाऊनं मागच्या इंजिनची गाडी आणली. "पुढं कशी शांत हाय, पाहा!" म्हणे. शांत? डोंबलाची! पुढं नुसता गारठा. दोन नाटकांतच बाईचा गळा बसला. "असाच आवाज राह्यला त दुसरी गाणारी पाहा लागन," मालकानं तोंडावर सांगून टाकलं. मले असा राग आला म्हणून सांगू! मुखरूभाऊनं बाईले मागच्या सीटवर, इंजिनाजवळ नेऊन बसवलं. तिथी ऊब भेटली, पण चाकाचा सारा फुफाटाही आत येई. बाई खोकून खोकून बेजार.

एका सकाळी चामोर्शीच्या रस्त्यावर गाडी वाफ सोडत थांबली. पाहतो त मागं, इंजिनाच्या बाजूच्या जाळीवर ओलं पोतं बांधलेलं.

"हे कोणं केलं? अक्कल गहाण ठेवली का?" मालक भडकला.

"म्या केलं," भाऊ खाली मान घालून म्हणाले. "पुढच्या इंजिनाले समोरून हवा लागते. मागच्याले हवा या जाळीतून वढा लागते. मले माहीत हाय. पण धूळ आत जात होती. बाईसाठी बांधलं."

बापा! साऱ्यायसमोर! मी त पाहातच राह्यली.

इंजिन थंड होईपर्यंत आमी शेताच्या धुऱ्यावर कोवळ्या उन्हात पेंगत बसलो. धुकं अजून विरून राह्यलं होतं. बाई उठली. पोतं सोडून तिनं बाजूले फेकलं, मागच्या सीटवरची आपली गोधडी उचलली अन् पुढं, भाऊच्या बाजूले नेऊन टाकली.

"बाई, तिथी थंडी हाय," भाऊ काकुळतीले आले. "गळा जाईन तुमचा."

"जाऊ द्या," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अकरा वर्षं मी काय इंजिनासाठी पुढं बसत होती?"