फेटेवाले चाचा आणि मोठ्या माणसांची डोकी

फेटेवाल्या चाचांनी मला इथं टिकवलं, हे आधी सांगते. काय झालं ते मागाहून. शिक्षण सातवीपर्यंत, माहेर किनवटच्याही पलीकडं, आणि नवरा गेल्यावर चौथीतल्या लेकीला घेऊन बारामतीत उरलेली बाई मी. माझ्या सांगण्याला फार वजन नाही. तरीही ठामपणे सांगते, की जगातल्या मोठमोठ्या माणसांना चाचांइतकं जवळून ओळखणारं साऱ्या बारामती-इंदापुरात दुसरं कुणी नसेल. इतरांनी त्या माणसांची भाषणं ऐकली. चाचांनी त्यांची डोकी दोन्ही हातांत धरली होती.

गावाबाहेरच्या ज्या कॉलेजात धंदा-व्यवस्थापन शिकवतात, तिथल्या पाहुणेघरात मी झाडलोट आणि चहा करायची. वर्षातून पाच-सहा वेळा परदेशचे पाहुणे यायचे. कुणी कंपनीचा प्रमुख, कुणी बँकेची प्रमुख, तर कुणी तिकडच्या दूधसंघाचा अध्यक्ष. पाहुणा कुठल्याही देशाचा असो, व्यासपीठावर त्याला फेटा हा बांधायचाच, आणि तो चाचांनीच. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं. पाहुणा येणार म्हटलं की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, आठ मीटर कापड छातीशी धरून ते निघायचे. वाटेत कुणी हटकलं तर थांबायचे नाहीत. "सरका, जपानचं डोकं हाय आज," एवढंच सांगायचे.

फेटा बांधून झाला की इतर फेटेवाले निघून जातात. चाचा जायचे नाहीत. "सुटला तर कोण बांधणार?" म्हणत दाराशी भाषण संपेपर्यंत उभे राहायचे. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण सगळी पोरं वह्यांत मुंड्या घालून लिहीत असताना वर बघणारा माणूस तेवढा एकच असायचा. पाहुण्यानं कप कुठं ठेवला, पाणी देणाऱ्या बाईकडं बघून मान हलवली का, दुसरा बोलताना तो घड्याळ बघतो का, हे सगळं टिपून ते बाहेर यायचे आणि पायऱ्यांवर पोरांना अडवायचे.

"काय शिकलास रं?"

"चाचा, दूरदृष्टी. म्हंजे लांबचा विचार."

"लांबचं ऱ्हाऊ दे. जवळचं काय बघितलंस?"

पोरं हसायची. मीही पदराआड हसायची. डोक्यांबद्दल त्यांचं एक शास्त्रच होतं. ज्याची मान फेटा बांधताना ताठ राहते त्याला घरात कुणी विचारत नाही, जो दर पिळाला "झालं का?" विचारतो त्याच्या हाताखाली काम करू नये, आणि जो डोळे मिटतो त्याला झोप कमी आहे, त्याला जेवण लवकर वाढावं. शेवटचं मी करून पाहिलं होतं. खरं निघालं.

एकदा कॉलेजनं वेळ वाचवायला टोपीसारखे तयार फेटे आणले. सगळे एकाच मापाचे. त्या दिवशीचा पाहुणा उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचा, साडेसहा फुटी. तो फेटा त्याच्या डोक्यावर माठावर वाटी पालथी घालावी तसा बसला. टाळ्या वाजत होत्या आणि चाचा दारातून सरळ व्यासपीठावर. सूत्रसंचालक माइकवर असतानाच हात लांब करून त्यांनी फेटा उतरवला आणि खांद्यावरचं कापड सोडलं. चाचा पाच फूट. उतरवला तरी बांधायला हात पोहोचेना. कुणीतरी खुर्ची आणायला धावलं, तोवर त्या माणसानं दोन्ही गुडघे वाकवले आणि फेटा पुरा होईतो तसाच अवघडून उभा राहिला. शेवटी पाय थरथरत होते त्याचे.

दुसऱ्या दिवशी 'पाहुण्यांकडून मी काय शिकलो' यावर पोरांनी कागद लिहिले. चाचा वर्ग घेणाऱ्या सरांच्या खोलीत गेले. "सर, गुडघं वाकवल्यालं कुणी लिहलंय का?" सरांनी गठ्ठा चाळला. कुणीच लिहिलं नव्हतं. त्या दिवशी चाचांनी माझ्याकडचा चहाही घेतला नाही. माणूस खरंच दुखावला होता.

मग ते साल आलं. पाहुणेघराचं स्वयंपाकघर ठेक्यानं द्यायचं ठरलं. पुण्याचा एक केटरर येणार होता. तो आपली माणसं आणणार, म्हणजे माझं काम जाणार आणि कामाबरोबर मागची राहायची खोलीही. लेकीची शाळा अर्ध्यात मोडून किनवटची गाडी धरायची, एवढंच उरलं होतं. माझी शाळा अशीच मोडली होती. चाचा म्हणाले, "ठेक्याला तू बी अर्ज टाक."

"चाचा, मी? समितीपुढं?"

"मग काय! पाहुण्यांपुढं मी जातुयाच की. डोकी सारखीच असत्यात."

अर्ज त्यांनीच दुकानात बसून कन्हेरी गावच्या एका मास्तराकडनं लिहून घेतला. मग आठवडाभर दुपारी तालीम. चाचा कापडाच्या गठ्ठ्यावर रेलून विश्वस्तांसारखा घसा खाकरायचे.

"शिक्षण?"

"सातवीतून सुटली."

"सुटली म्हणू नगं. चोर सुटतो. सातवीपतुर म्हण." मग पुढचा प्रश्न. "शंभर माणसांचं जेवण जमंल?"

"व्हय."

"चिनी जेवण?"

"व्हय, जमेल."

"विमानातलं?"

"व्हय."

चाचा गठ्ठ्यावरून उतरले. "खोटं बोलतीस पोरी. भ्यालीस म्हणून बोलतीस, पर खोटंच." मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मागच्या साली एक बाई आली होती, कितीतरी देशांत कारखाने असलेली. एका पोरानं तिला इथल्या उसाबद्दल काहीतरी विचारलं. बाई दोन शब्द बोलली आणि पर्स उघडून कागदावर काहीतरी टिपून घेतलं. चाचांनी पोरांना विचारलं, काय म्हणाली? पोरं म्हणाली, काही नाही चाचा, तिला येत नव्हतं.

"एवढी मोठी बाई," चाचा म्हणाले, "भरल्या सभेत म्हणाली, मला ठाऊक न्हाय. आन लिहून घेतलं. आपल्या सोसायटीचा चेअरमन असं कधी म्हणलाय? माझ्या बापजन्मात न्हाय. तिचं डोकं धरलं व्हतं मी. हलकं व्हतं. भ्यालेलं डोकं जड लागतं."

समितीत विश्वस्त आणि सर धरून तिघं होते. पुण्याचा केटरर आधी आत गेला. दार अर्धवट उघडं होतं. प्रत्येक प्रश्नाला त्याचं "येस सर, होऊन जाईल" ऐकू येत होतं. मग मी. त्यांनी शिक्षण विचारलं, मी सातवीपर्यंत म्हणाले. आवाज फुटला एवढं आठवतं. शेवटी विश्वस्तांनी विचारलं, "पाहुण्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असली तर काय कराल?"

अ‍ॅलर्जी म्हणजे काय ते मला नीटसं कळत नव्हतं, अंगाला सोसत नसावं एवढाच अंदाज. आमच्याकडं काय आणि इथं काय, दाण्याचं कूट पडल्याशिवाय भाजी चुलीवरून उतरत नाही. घशाशी 'व्हय' आला होता. तो गिळला.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणाले. "दाण्यानं माणसाला त्रास होतो हे आजच कळलं. दवाखान्यात विचारून येते. तोवर माझ्या पातेल्यात कूट पडणार नाही."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विश्वस्त म्हणाले, "मघाचे गृहस्थ म्हणाले, होऊन जाईल. म्हणजे काय होऊन जाईल, कुणास ठाऊक." सहा महिने करून बघा, असं ठरलं. त्या सहा महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलंय. लेक सातवीत आहे. सातवीत, आणि पुढं जाणार आहे.

बाहेर चाचा जिन्याशी उभे होते. मला रडू आलं तर ते वैतागले. "रडतीस कशाला? रडलं की डोकं जड व्हतं," म्हणाले आणि स्वतःच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

गेल्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटला. दुकान पुतण्याकडं देऊन ते निरवांगीला लेकीकडं राहायला गेले. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. परवा गेले तेव्हा पाहुण्यांची चौकशी करतील म्हणून सगळ्या हकीकती जमवून नेल्या होत्या. त्यांनी एकही विचारली नाही. म्हणाले, "तुझं गाव कसं हाय गं? कधी बोलली न्हाईस." मी सांगितलं. फाल्गुनात सगळं रान पळसानं पेटतं, पहाटे मोहाची फुलं वेचायला बाया निघतात, वास अंगाला लागून राहतो. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "बघाय पायजे."

इतक्या वर्षांत इथल्या कुणाला माझं गाव बघावंसं वाटलं नव्हतं. येत्या फाल्गुनात मी त्यांना नेणार आहे. लांबचा पल्ला आहे, दमतील. थांबत थांबत, एक मुक्काम करत नेईन, पण नेईन. त्यांनी माझ्यासाठी केलं त्याची फेड एवढ्यानं होणार नाही, सुरुवात तरी होईल. माझी आई अजूनही फोनवर प्रत्येक वेळी तेच विचारते, "बाई, त्या परमुलखात तुझं कोन हाय?" चाचांना आमच्या ओसरीवर बसवीन, पाय धुवायला पाणी देईन आणि म्हणेन, आई, हे बघ, हे आहेत.