जे झाले तेवढेच सांगणाऱ्या एस्तेरबाई

एस्तेरबाई सोनवणे यांची आणि माझी ओळख माझ्या मानेवरच्या गळवामुळे झाली. तापीकाठच्या आमच्या या गावी मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. शाळेच्या भिंतीला लागून मिशनचा दवाखाना होता. एक खोली, एक पडवी आणि नर्स म्हणून एस्तेरबाई, एवढाच त्याचा पसारा. डॉक्टर सारंगखेड्यावरून पंधरा दिवसांतून एकदा येत. बाईंनी गळू पाहिले आणि स्टोव्हवर पाणी ठेवले. मी नवा, उत्साही आणि मनातून भ्यालेला. म्हणून आधी प्रार्थना करू या का, असे विचारले. बाई मान वर न करता आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुमी करा मास्तर, मन्हा हात गुतेल शेतस." मी डोळे मिटून 'हे दयाळू पित्या' म्हटले आणि पुढचा शब्द तोंडातून निघण्याआधी गळू फुटलेले होते. बाईंनी पट्टी बांधली, उद्या परत या म्हणून सांगितले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

बाईंच्या साठीनिमित्त आमची चर्चची मंडळी हा छोटा ग्रंथ काढीत आहे. दवाखान्यातील त्यांच्या कामाविषयी अधिकारी माणसे लिहितीलच. संपादकांनी माझ्या वाट्याला 'बाईंची श्रद्धा' हा विषय दिला आहे. विषय देताना त्यांनी माझ्याकडे जरा हसून पाहिले, कारण या विषयात माझे तोंड एकदा चांगले पोळलेले आहे, हे त्यांना ठाऊक आहे. ती हकिगत पुढे येईलच.

दवाखान्यात त्या काळी घड्याळ नव्हते. सुया आणि चिमटे वीस मिनिटे उकळायचे, असा डॉक्टरांचा दंडक. बाईंनी त्याचा हिशेब प्रभूच्या प्रार्थनेवर बसवला होता. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून 'आमेन'पर्यंत एक चिंचोका इकडून तिकडे, असे चाळीस चिंचोके झाले की पातेले खाली उतरायचे. चर्चच्या पाळकसाहेबांना हे पसंत नव्हते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुया उकळण्यासाठी नाही, असे त्यांनी एकदा बजावले. बाईंनी शांतपणे विचारले की, मग काटा असलेले घड्याळ मिशनकडून केव्हा येणार? घड्याळ दोन वर्षांनी आले. तोपर्यंत कळसाडीच्या एका गुजर घरातल्या काकूंना, त्यांच्या सुनेचे बाळंतपण बाईंनी केल्यामुळे, ती सबंध प्रार्थना पाठ झाली होती. त्या काकू पुढे घरचे दूध तापवतानाही ती म्हणत आणि उतू जात नाही, असे सगळ्यांना सांगत. पाळकसाहेबांना हे कोणी सांगितले ते मला माहीत नाही. मी सांगितले नाही.

बाईंच्या घराविषयी लिहिल्याशिवाय त्यांच्या श्रद्धेविषयी लिहिता येत नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तीन मुले, दोन शेळ्या, आणि यजमान सुकलालभाऊ. सुकलालभाऊ नालबंद. बैलांना आणि घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हता. हातात पैसा आला की ते पीत. दारूबंदीचे दिवस होते, पण हातभट्टीची मिळत नाही असे एकही गाव नव्हते. रविवारी सासूबाईंचे सगळे उरकून बाई उपासनेला येत, तोवर दुसरे गीत संपत आलेले असे. त्या मागच्या बाकावर बसत आणि प्रवचन लांबले तर तिथेच डुलकी काढीत. याबद्दल कोणी टोचून बोलले तर, आठवड्यात एवढी एकच बसायची जागा मिळते, असे त्या सांगत. त्यांच्या सांगण्यात तक्रार नसे आणि दिलगिरीही नसे.

माझ्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणात बाई दोन दिवस आमच्या घरी राहिल्या. सौ. कमल फार घाबरली होती. कळा वाढल्या तसे तिने बाईंचा हात धरून, देव जवळ आहे ना, असे पुन्हा पुन्हा विचारायला सुरुवात केली. दारापाशी उभा राहून मी मनात म्हणत होतो की, आता बाई एखादे स्तोत्र म्हणतील. बाई म्हणाल्या, "मी शे ना जोडे. तो उना त त्याले बी जागा शे." कमल आजही म्हणते की, मी आहे ना जवळ, तो आला तर त्यालाही जागा आहे, या वाक्याने तिला जेवढा धीर आला तेवढा कशानेही आला नसता. मला मात्र त्या वेळी ते ऐकून थोडा धक्काच बसला होता. तेव्हा मी देवाच्या बाबतीत फार नीटनेटका होतो.

आता ती हकिगत. आमच्या मंडळीत वर्षाच्या अखेरीस उपकारस्तुतीची उपासना होते आणि तिच्यात चार-पाच जण उभे राहून साक्ष देतात. देवाने आपल्या आयुष्यात काय केले, ते सर्वांसमोर सांगणे म्हणजे साक्ष. साक्षीचा एक साचा पडून गेला होता. आधी अंधार, मग प्रार्थना, मग उजेड. ज्याच्याकडे उजेड नसे तो उभाच राहत नसे. मी मंडळीचा चिटणीस होतो. मिशनला जाणारा वार्षिक अहवाल मीच लिही आणि त्यात दोन-तीन साक्षी घालाव्या लागत. त्या वर्षी मिशन लहान गावांतले दवाखाने बंद करीत चालले होते. आपला दवाखाना वाचवायचा आणि जमल्यास बाळंतिणींसाठी वेगळी खोली मागायची, असे पाळकसाहेबांच्या मनात होते. साक्ष चांगली हवी, असे त्यांनी मला सांगितले.

त्याच सुमारास नाल ठोकताना एका उमद्या घोड्याची लाथ बसून सुकलालभाऊंच्या पायाचे हाड मोडले. दीड महिना ते दवाखान्याच्या पडवीत खाटेवर होते आणि त्यांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मी रोज शाळेत जाता-येता त्यांना पाहत होतो. मला हवी ती साक्ष समोर खाटेवर पडलेली होती. मी घरी येऊन लेखणी घेतली आणि शुद्ध मराठीत झकास लिहिले की, आमच्या परिचारिका भगिनी एस्तेरबाई यांच्या अकरा वर्षांच्या अखंड प्रार्थनेला उत्तर मिळून त्यांच्या यजमानांनी मद्य कायमचे सोडले. बाईंना विचारावे हे माझ्या डोक्यातही आले नाही. मी विचारूनच लिहिले असणार, असे पाळकसाहेबांनी धरले. अहवाल गेला. हाड जुळले. सुकलालभाऊ सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांना नाल ठोकायला गेले आणि तिथली कमाई घेऊन जसे नेहमी येत तसे परत आले.

त्यानंतरच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना होती आणि दवाखान्याचा निर्णय करायला मिशनच्या समितीचे दोघे पाहुणे आले होते. त्यांनी अहवाल वाचला होता. पाळकसाहेबांनी एस्तेरबाईंना उभे राहण्याची विनंती केली आणि बाईंना काही कळेना, म्हणून अहवालातला तो परिच्छेद सर्वांसमोर वाचून दाखवला. मी बाजाच्या पेटीमागे बसलो होतो.  बाई मागच्या बाकावरून उठल्या, पदर नीट केला आणि सावकाश बोलू लागल्या.

"हाई मास्तरनी कागदवर लिखेल शे. तसं काही व्हयेल नही. काल बी पिसनच घर उनात. अकरा वरीस व्हयनात, मी देवजोडे मांगी ऱ्हायनी. त्यानी आजून दिधं नही. काबर नही दिधं, ते माले समजस नही. तरी बी मी आठे येस, आनि येत ऱ्हासू."

एवढे बोलून त्या बसल्या. पाळकसाहेबांनी घाईने गीताचा क्रमांक सांगितला. मला पेटीवर सूरच सापडेना, तेव्हा लोकांनी पेटीविनाच गीत म्हटले. पाहुणे जेवून, फार न बोलता निघून गेले.

मी दुपारी बाईंच्या घरी गेलो. सुकलालभाऊ अंगणात एका बैलाला आडवा पाडून नाल ठोकत होते. सगळी हकिगत त्यांच्या कानावर आली होती. ते मला म्हणाले, "मास्तर, मी पेस ते आख्खा गावले म्हाईत शे. तुमी खोटं काबर लिखं?" मी आत गेलो. बाई सासूबाईंना भरवत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी एवढेच सांगितले की, लिहिणे तुमचे होते, ते तुम्ही निस्तरा, मला हा घास संपवू द्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पंचमंडळाची सभा भरली. पाळकसाहेब दुष्ट नव्हते, हे मला इथे नमूद केले पाहिजे. आता दवाखाना गेलाच, आणि तो बाईंमुळे गेला, असे त्यांना मनापासून वाटत होते. बाईंनी पाहुण्यांसमोर मंडळीची अप्रतिष्ठा केली, सबब त्यांना सेवेतून कमी करून दुसरी परिचारिका मागवावी, असा ठराव त्यांनी मांडला. दोन पंचांनी माना डोलावल्या. चिटणीस म्हणून ठराव लिहायचा होता मला. बाईंच्या पगारावर सहा माणसांचे पोट होते. 'सबब' या शब्दापर्यंत मी लिहिलेही. मग माझा हात थांबला, आणि मी उभा राहिलो. ती साक्ष बाईंची नव्हती, ती मी त्यांना न विचारता लिहिली, असे मी सांगितले. मागच्या वर्षीच्या दोन साक्षीही मीच रंगवल्या होत्या, तेही सांगितले.  इतकी वर्षे मी चर्चमध्ये बोलत आलो होतो, पण घडले तसे मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

ठराव मागे पडला. माझे चिटणीसपद गेले, आणि जायलाच हवे होते. मी मिशनला स्वतःच्या हाताने पत्र लिहून खुलासा केला. दवाखाना मिशनने बंद केला नाही. का केला नाही, हे कळवले नाही. बाळंतिणींची खोली मात्र मिळाली नाही. पुढे सहा वर्षे बाई पडवीला तरटे लावून बाळंतपणे करीत होत्या. थंडीत त्या तरटांतून वारा आत येई, आणि तो माझ्यामुळे येतो आहे हे मला माहीत असे.

त्या प्रसंगानंतर आमच्या उपासनेत एक फरक पडला. पहिल्या वर्षी साक्षीला कोणीच उठले नाही. पुढच्या वर्षी एक वृद्ध शेतकरी उठले आणि म्हणाले की, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, तो अजून बोललेला नाही, मी वाट पाहतो आहे. मग हळूहळू इतरही उठू लागले. अशा साक्षी अहवालात घालता येत नाहीत. पण त्या ऐकून लोक एकमेकांच्या घरी जाऊ लागले, हे मी पाहिले आहे. बाईंना याचे श्रेय दिले तर त्या उठून कामाला लागतात.

या वर्षी सुकलालभाऊंनी दारू सोडली आहे. यकृत निकामी होत चालल्याने डॉक्टरांनी थेंबही बंद केला आणि ती प्यायची ताकदही आता त्यांच्यात उरलेली नाही. मागल्या महिन्यात मंडळीतल्या एका उत्साही तरुणाने, अखेर प्रार्थना फळाला आली म्हणून टाळ्यांचे गीत सुरू केले. बाईंनी ते थांबवले. हे फळ नव्हे, हा आजार आहे, असे त्यांनी सांगितले. सुकलालभाऊ त्या वेळी त्यांच्या शेजारी मागच्या बाकावर बसलेले होते. आता ते दर रविवारी येतात. मुलगा त्यांना बैलगाडीतून आणतो. प्रवचनात दोघांनाही डुलकी लागते.

हा मजकूर छापू का, हे विचारायला मी परवा त्यांच्याकडे गेलो. यजमानांचे पिणे गौरवग्रंथात नसावे, असे संपादकांचे मत होते. दोघांनीही सगळे वाचून घेतले आणि राहू द्या म्हणाले. मग मी सांगितले की, रिवाजाप्रमाणे लेखाच्या शेवटी तुमच्यासाठी दीर्घ आणि निरोगी आयुष्य मागायचे आहे.  सुकलालभाऊंना भिंतीला टेकून झोप लागली होती. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मन्हा करता काही मांगू नका, मास्तर. त्यासना करता मांगा. मी मांगी मांगी थकी गऊ. आते तुमी मांगा."

तेव्हा हा लेख वाचणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. बाईंना साठ वर्षे पूर्ण झाल्याचा आनंद आपण करूच. पण प्रार्थनेला बसाल तेव्हा सुकलालभाऊंचे नाव घेऊन त्यांना आयुष्य मागा, आणि बाईंना विसावा मागा. उत्तर येईल की नाही, ते मला ठाऊक नाही. मी मागतो आहे.