नुसतं मोजायचे लोक

न्हाई मॅडम! "प्रोजेक्टचा काही फरक पडला नाही" हे तुमी तुमच्या युनिव्हर्सिटीत बोला. शिरड शहापुरात येऊन बोलू नका!

मॅडम इथं न्हाईत, मला ठावं हाय. तरी भांडून राहिलो. बायको म्हणते, "गाडी जाऊन किती दिवस झाले, आता भिंतीसंगं भांडता का?" व्हय, भांडतो! मन अन् शरीराच्या आरोग्याचा अभ्यास म्हणून वरीसभर त्यायची गाडी गावात येत व्हती. किस्से असे साचलेत, जशी उकडलेली हळद अंगणात. कुठंबी पाय ठेवा, एखादा पायाखाली येतोच.

*

पयल्याच दिवशी समाजमंदिरात मॅडम म्हणल्या, "डोळे मिटा. मनात जे येईल त्याच्याकडं नुसतं बघा. त्याच्यामागं पळू नका."

मिटले. तेवढ्यात भायेर घंटी वाजली. समाजमंदिराला लागूनच माहं वावर. म्या उठलो अन् अनवाणी पळालो!

मॅडम मागून म्हणतात, "दत्ताभाऊ, विचारामागं पळायचं नाही!"

"इचार न्हाई मॅडम, म्हैस हाय! माह्या तुरीत शिरून राहिली!"

*

मंग पुसापुशी झाली. "ताण किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त."

शेवंताबाईला पुसलं. बाजूलाच तिची सासू. शेवंताबाई म्हणली, "शून्य."

सासूला पुसलं. तिनं सुनेकडं बघितलं. "माहंबी शून्यच लिवा."

मॅडम खुश! दुसऱ्या दिवशी सकाळी सासू एकटीच आली. "कालचं खोडा. दहा करा." दुपारी सून आली. तिनं इकडंतिकडं बघितलं अन् हळूच पुसलं, "मॅडम, दहाच्या वर काही हाय का?"

*

मंग चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्या गावाला डोळे मिटून श्वास घ्यायला शिकवायचं, अर्ध्याला काहीच शिकवायचं न्हाई, आठवड्याला नुसतं मोजायचं. बीपी, झोप, ताण. म्हंजे शेवटाला कळंल, श्वासानं फरक पडला का न्हाई. मी शिकायच्या गटात, माही बायको कमल नुसतं मोजायच्या. मॅडमनं बजावलं, "इथं शिकलात ते घरी सांगायचं नाही. शेजारी तर नाहीच!"

आता बघा, आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची रीत न्हाई. त्या गावाला हे सांगून राहिल्या!

घरी गेलो. कमल म्हणली, "काय शिकवलं?"

"सांगायचं न्हाई."

"हळदीचं बेणं शेजारून आणलं तवा लाज न्हाई वाटली, अन् श्वास लपवून ठेवता?"

सांगावं लागलं. भाकर तिच्याच हातची खायची व्हती!

आठ दिवसात समदं गाव श्वास घेऊन राहिलं. एका मालकाच्या वावरात खुरपणाऱ्या बाया खुरपी ठेवून, डोळे मिटून, सरीत बसलेल्या. मालक घाबरला. "अवं, काय झालं तुमाला?"

त्यायच्यातली आमची कमल डोळे न उघडता म्हणली, "काही न्हाई भाऊ. युनिव्हर्सिटी लागली!"

*

वरीस सरलं. मॅडम निकाल सांगायला आल्या. तोंड उतरलेलं.

"दोन्ही गटांत फरक नाही."

माहं डोस्कं फिरलं. "फरक न्हाई? माहं बीपी उतरलं, कमलला झोप लागून राहिली, अन् फरक न्हाई?"

"तुमचं उतरलं दत्ताभाऊ. पण ज्यांना शिकवलं नाही त्यांचंही तेवढंच उतरलं. मग ते श्वासामुळं उतरलं असं आम्हाला म्हणता येत नाही."

"मंग काय लाइटीच्या डीपीमुळं उतरलं?"

मॅडमनं समद्यायकडं बघितलं. "कुणी कुणाला सांगितलं का?"

बाया पदराशी चाळा करत बसल्या. एवढं चांगलं काम, अन् आमच्या वाटून खायच्या सवयीनं बुडालं. प्रोजेक्ट बंद. समाजमंदिराला कुलूप.

*

अन् गफूरभाई. गादीवाले. कापूस पिंजून गाद्या भरतात. भाभी गेल्यापासून एकटेच, कुणाच्या घरी जात न्हाईत, कुणासंगं बोलत न्हाईत. तेबी नुसतं मोजायच्या गटात. त्यायला श्वास कुणीच शिकवला न्हाई, मी पक्का पुसून आलो. तरी त्यायचं बीपी उतरलं व्हतं.

दर बुधवारी मॅडमची एक पोरगी त्यायच्या दंडाला बीपीचा पट्टा लावायची अन् पुसायची, "चाचा, झोप लागली का?" एवढंच.

परवा बुधवारी बघतो तर गफूरभाई कुलपासमोर पायरीवर बसलेले. सदऱ्याची बाही वर सारलेली.

"गफूरभाई, उठा. बंद झालं ते."

"मालूम है. बैठने दे."

मी बाजूला बसलो. त्यायनं हात पुढं केला.

"पकड."

पकडला.

"अब पूछ."

"काय पुसू?"

"वही. जो वो पूछती थी."

मी पुसलं, "झोप लागली का?"

हात झटकला त्यायनं! "थाने में पूछते वैसा मत पूछ!"

म्या आवाज खाली आणला. परत पुसलं. गफूरभाईनं माह्या तोंडाकडं बघितलं, लई येळ. मंग बाही खाली केली, बटण लावलं अन् घराकडं निघाले.

मॅडम, येत्या बुधवारी त्या पोरीला पाठवा.